पहिल्या रांगेतल्या वहिनी

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी नवऱ्याला मोजे सापडत नव्हते, आणि सिद्धतेतली तिसरी पायरीही. मोजे पलंगाखाली होते. तिसरी पायरी बायकोच्या डोक्यात होती; मुलाला भरवता भरवता तिने ती पुन्हा समजावून सांगितली. नवऱ्याने मान डोलावली. मुलानेही डोलावली. दोघांना सारखंच कळलं होतं.

नवराबायको दोघंही संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले. नातेवाईक त्यांच्याकडे बिघडलेले प्रिंटर घेऊन येत. प्रत्यक्षात ही मंडळी संगणकाला हातही न लावता, कोणता प्रश्न त्याला झटपट सुटूच शकत नाही, हे कागदावर सिद्ध करतात. या धंद्यात शोधनिबंधावर नावं वर्णानुक्रमाने येतात, त्यामुळे कोणी किती केलं ते कळत नाही. आणि न कळल्यास सगळं नवऱ्याने केलं असं धरायचं, ही विद्यापीठाची रूढी. पुराव्याशिवाय दोन नि दोन चार न मानणारे विद्वान एवढं मात्र डोळे मिटून मानत.

विभागात कायमची जागा एकच होती. अर्ज दोघांनी केला. विभागप्रमुखांनी तिचा अर्ज प्रेमाने परत केला. जोडीने केलेलं काम दोनदा कसं मोजायचं, असं त्यांचं म्हणणं. मग एकदा मोजायचं ते नवऱ्याच्याच पदरात का, असं तिने विचारल्यावर त्यांनी चहा मागवला. तिला बिनपगारी टेबल मिळणार होतं, खिडकीजवळचं. सासूबाईंनाही हे पटलं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, त्या म्हणाल्या. तलवार कोण आणि म्यान कोण, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

नवरा वाईट नव्हता. वाईट असायलाही थोडी मेहनत लागते.

त्या जागेच्या मुलाखतीतल्या या व्याख्यानालाही ती नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत बसली, मांडीवर मूल घेऊन. नवरा अडखळला की तिने हळूच सुचवायचं, ही जुनी पद्धत. तिसऱ्या पायरीशी निवड समितीतल्या पाहुण्या प्राध्यापकांनी विचारलं, हे इथे का चालतं? नवऱ्याने फळ्याकडे पाहिलं, खडूकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

विभागप्रमुखांनीही तिच्याकडे पाहिलं. समितीने पाहिलं. मागच्या विद्यार्थ्यांनी माना उंचावल्या. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. उत्तर कुठे बसलंय, हे अख्ख्या दालनाला ठाऊक होतं. इतकी वर्षं तिला वाटायचं, बिचाऱ्यांना कल्पना नाही. कल्पना सगळ्यांना होती.

"वहिनी, सांगा ना जरा," विभागप्रमुख म्हणाले.

"मुलाखत माझी आहे का?"

"तसं नाही, पण घरचंच काम आहे."

"घरचं घरी सांगून झालंय, सकाळीच. इथे ऐकायचं असेल तर आधी माझा अर्ज घ्या."

नवरा फळ्याजवळूनच कुजबुजला, "अगं, नोकरी जाईल."

"कोणाची?"

 मुलाला कडेवर घेऊन ती उठली आणि बाहेर गेली. अर्ज कोणी मागितला नाही.

समितीची बैठक लांबली, बिस्किटं संपली, आणि शेवटी एकमताने अहवाल लिहिला गेला: योग्य उमेदवार उपलब्ध नव्हता, जागा रिकामी ठेवावी.

वाचकहो, अहवालावर सही करणाऱ्यांत दोन प्राध्यापक स्त्री-सन्मानावर दरवर्षी भाषण देतात. भाषण कोण लिहून देतं, ते त्यांच्या घरी जाऊन विचारा. विचारताना मात्र त्यांच्या बायकांकडे पाहू नका.