गोळी चालू आहे तोवर

आमचे हे घड्याळजी. सगळा जन्म बारीक स्क्रू फिरवण्यात गेला. त्यामुळे मानेवर गोचीड चिकटलेली दिसली, तेव्हा आरशासमोर उभं राहून चिमट्यात धरली आणि उलटी फिरवली. धड हातात आलं, तोंड आत राहिलं. सकाळी मान सुजून भोपळा झाली होती.

गोचीड कुठली? ताईंच्या कुत्र्याची. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. चार दिवस राहते म्हणून आल्या आणि कुत्र्यासकट सोफ्यावर मुक्काम ठोकला. मला त्या जायला हव्या होत्या, स्पष्टच सांगते. पण ताईंनी ह्यांना लहानाचं मोठं केलेलं, हे त्यांच्यापुढे ब्र काढतील तर शपथ.

डॉक्टरांनी राहिलेला तुकडा काढला आणि सुजेवर स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. "सकाळी खाऊन घ्या. हळूहळू कमी करायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. भूक वाढेल, थोडी चिडचिड होईल."

थोडी म्हणे. सूज उतरली आणि ह्यांना कंठ फुटला. गिऱ्हाइकाला झापलं, शेजाऱ्याला झापलं, पातेलंभर भात एकट्याने संपवला. मग सोफ्यासमोर उभे राहून म्हणाले, "ताई, आता तू आपल्या घरी जा."

गॅसवरची कढई तशीच सोडून मी बघायला आले. ताई मुकाट्याने बॅग भरायला लागल्या, पण फार सावकाश. इकडे गोळी अर्ध्यावर आली तसा ह्यांचा आवाजही अर्ध्यावर आला. माझा जीव टांगणीला. गोळ्या संपल्या की हे पुन्हा मिठाची गुळणी धरून बसणार. मी स्वतःच ताईंच्या कपड्यांच्या घड्या घालायला बसले.

आणि निघायच्या दिवशीच ताईंचा कान टम्म सुजला. तोच कुत्रा, तेच डॉक्टर, त्याच गोळ्या.

म्हटलं, झालं, आता ह्यांचा दारूगोळा त्यांच्या हाती. मी पदर खोचून तयार राहिले. दुसऱ्या सकाळी ताई स्वयंपाकघरात आल्या, उभ्या उभ्या बिस्किटांचा पुडा फस्त करत सुटल्या आणि फाडकन म्हणाल्या, "मला नाही जायचं. तिकडे दिवसभर बोलायला माणूस नाही गं. तू निदान भांडतेस तरी माझ्याशी."

सगळा राग कुठे गेला कोण जाणे. मी खुर्ची पुढे ओढली.

"उभ्याने खाऊ नका. बसा इथे."

गोळी न घेता मला एवढंच बोलता आलं.