अडयांना बोलावणं

भैरवीनं शेवटच्या तुंब्याच्या तोंडावर वितळलेलं मेण ओतलं आणि ते थिजेपर्यंत तुंबा दोन्ही गुडघ्यांत आवळून बसली. आत जुन्या रेडिओतला स्पीकर आणि सलीलनं डाग देऊन जोडलेल्या चार तारा, वर चिकटवलेली तळहाताएवढी सोलर प्लेट. ऊन पडलं की तुंबा शीळ घालणार, ऊन गेलं की गप्प बसणार. बटण ठेवलेलंच नव्हतं, आणि सलीलला त्याचा कोण अभिमान! बटण आलं की माणूस लुडबुड करतोच, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा.

तुंबे म्हणजे मैनाबाईच्या कुंपणावरचे वाळून पोकळ झालेले भोपळे. दारव्ह्याच्या अलीकडे या तळ्याच्या काठाला तिची आणि तिच्या नवऱ्याची, विठ्ठलरावांची, जमीन. हिवाळ्यात पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात ती दोघं गहू पेरत. भैरवी आणि सलील हे नवरा-बायको यवतमाळचे, दोघांच्याही घरी पिढ्यान् पिढ्या कचेरीतल्या नोकऱ्या; त्यांनी सगळं सोडून तळ्यांचे आवाज गोळा करत हिंडावं, याचं मैनाबाईला भारी नवल. पण जीव लावला होता तिनं. रोज भाकर घेऊन यायची आणि भाजी करायच्या वस्तूला पोरं गाणं शिकवतात म्हणून हसायची.

गाणं कसलं, ती अडयांची शीळ होती. अडई म्हणजे तपकिरी रंगाचं लहानसं रानबदक. कॉलेजात असताना भैरवीनं घरीच बनवलेल्या मायक्रोफोनवर याच तळ्यात ती शीळ टिपली होती. तेव्हा अडयांचे थवेच्या थवे असत. गेली दोन वर्षं एकही आली नव्हती. का, याचं उत्तर भैरवीजवळ तयार होतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात गाळ काढायची यंत्रं इथं घरघरत होती, त्या गोंगाटाला पाखरं भ्याली. आवाजानं गेली, ती आवाजानंच परत येतील. हे उत्तर तिला इतकं आवडलं होतं, की दुसऱ्या कुणाला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

सलीलचा तेवढा विश्वास नव्हता. रविवारी हे ऐकायला बोलावलेली नागपूरची मंडळी येतील, बांधावर उभं राहून ऐकतील, वाहवा करतील, पुरे झालं, असं त्याचं म्हणणं. तरी उकंडा मासेमाराच्या तराफ्यावरून त्यानं सगळे तुंबे दोरीला दगड बांधून काठापासून खोल पाण्यापर्यंत तरंगते सोडले. उकंडा तराफा बैलबंडीत टाकून दुसऱ्या तळ्यावर निघून गेला.

दुपार टळली आणि तळं शिळांनी भरून गेलं. ऊन कलता कलता पश्चिमेकडून एक थवा आला. तळ्यावर घिरट्या घालून पाण्यावर उतरला. मग दुसरा. आभाळातली शीळ कुठली आणि तुंब्यातली कुठली, कळेना. भैरवी बांधावर मटकन बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. सलीलही वेडाच झाला, तिला मिठी मारून नाचायचं तेवढं बाकी होतं.

मैनाबाई भाकर घेऊन आली ती वर बघतच राहिली. खरंच आल्या का गं, एवढंच तिनं विचारलं. भाकर ठेवली, आणि रोज घटकाभर टेकणारी बाई उभ्या उभ्याच परत गेली.

सकाळी भैरवी उजाडायच्या आत उठली. धुकं होतं. पेरलेल्या गाळात कुणीतरी वाकून काहीतरी वेचत होतं. जवळ गेल्यावर मैनाबाई दिसली. तिच्या हातात पोतं होतं. सगळ्या वावरात अडया पडल्या होत्या, कुणी पंख पसरून, कुणी चोच चिखलात खुपसून. एक अजून पाय झाडत होती.

मैनाबाईनं मान वर केली नाही.

"बियाले औषध चोळा लागते, बाई. नाही तं उंदीर दाना ठेवत नाही. दोन सालाआंधी बी अशाच पडल्या होत्या. मंग त्याईनं येनंच सोडलं."

"आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत, काकू?"

"मले वाटलं, हे माणसाईले ऐकवाले आहे. जत्रेत लावते तसं. पाखरं कायले ऐकतीन डब्याचं?"

"पण काल? काल तर तुम्ही पाहिलं."

मैनाबाईनं पाय झाडणारी अडई उचलली, तिची मान एका झटक्यात मुरगळली. मग पोत्यात टाकली.

"काल तू रडून राह्यली होती. माह्या तोंडातून शब्द निंगाला नाही. आन् पेरलेलं आता उपसू कशी मी?"

भैरवीला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. अडयांना इथलं सगळं कळलं होतं, म्हणून त्या येत नव्हत्या. त्यांच्याच आवाजात त्यांना खोटं सांगून भैरवीनं आणलं होतं. तिला स्वतःची शिसारी आली.

तेवढ्यात धुकं फाटलं आणि पूर्वेकडच्या तुंब्यावर ऊन पडलं. त्यानं शीळ घातली. मग त्याच्या शेजारच्यानं. बघता बघता सगळं तळं बोलावू लागलं.

भैरवीनं ओरडून सलीलला हाक मारली. तो धावत आला, वावरात पाहिलं, आणि काही न विचारता कपड्यांसकट पाण्यात शिरला. काठाजवळचे दोन तुंबे त्यानं ओढून काढले, दगडावर आपटून फोडले. पुढं पाणी गळ्याला लागलं. त्याला धड पोहता येत नव्हतं.

पश्चिमेकडून थवा येत होता. कालच्यापेक्षा मोठा.

भैरवी चिखलातून धावली. हात वर करून ओरडली, ओढणी फिरवली. थवा बिचकून वर गेला, वळला, आणि मधल्या तुंब्यांची शीळ ऐकून पुन्हा खाली यायला लागला. तिनं वाकून ढेकूळ उचललं आणि जीव खाऊन भिरकावलं. ते एका अडईच्या पंखाला लागलं. पाखरू कोलमडलं, सावरलं, वर गेलं.

तिला हुंदका फुटला, तरी ती दुसरं ढेकूळ शोधत होती. मैनाबाईनं पोतं खाली टाकलं. भैरवीच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि पेरलेल्या मातीतली ढेकळं उपसून एकेक तिच्या हातात देऊ लागली.