पहिला घास बायनाबाईचा

बायनाबाईचा हात मोडला त्या दिवसापासून तिला मदत करणाऱ्यांची गावात रीघ लागली. हात मोडणाऱ्याविरुद्ध कोणी बोलायला तयार नव्हतं, एवढी एक बाब सोडली तर मदतीत कसूर नव्हती.

हात मोडला तेंदूपत्त्याच्या फडीवर. सकाळभर जंगलात तोडलेली पानं बाया जुड्या बांधून फडीवर आणतात आणि ठेकेदाराचा मुन्शी त्या तपासून घेतो. मुन्शी भैयाजी चांगल्या जुड्या खराब म्हणून बाजूला फेकायचा आणि बाया घरी गेल्या की त्याच जुड्या पोत्यात भरायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. बायनाबाईनं ते त्याच्या तोंडावर सांगितलं, यात नवीन एवढंच. भैयाजीनं हातातली काठी घातली. उजवं मनगट गेलं. फडीवर तेव्हा निम्मं गाव होतं, आणि ते नेमकं त्याच वेळी आपापल्या जुड्या बघत होतं.

ठाण्यात हवालदारांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, लिहूनही घेतलं. सोबत गावची आशा सेविका सरिता होती. तिनं कागद वाचला. कागदात बायनाबाई दगडाला अडखळून पडली होती.

"साहेब, मी पडली नाई. मले मारलं."

"कोणी पाह्यलं?"

"गावानं."

"मग आणा गावाले." हवालदारांचा सूर मदतीचाच होता. "साक्षीदार आणा, नवीन कागद करतो. नाईतर गावातच मिटवून घ्या. तुमचं गाव तंटामुक्त आहे ना?"

होतं. वेशीवर तसा फलक होता. गावात तंटे होत नसत असं नाही. ते कागदावर येऊ न देण्यात तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष बापूराव तरबेज होते.

सरिता साक्षीदारांसाठी दारोदार फिरली. रुखमा म्हणाली, "माय, मी त्या दिवशी फडीवर आलीच नव्हती." ती बायनाबाईच्या शेजारीच उभी होती. सुकलूनं चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. त्याला चष्माच नव्हता. हंगाम अजून बाकी होता आणि जुड्या भैयाजीच तपासणार होता. भीती खरी होती. त्यामुळे कारणं खोटी असूनही सरिताला भांडता येईना.

मग बापूराव बायनाबाईच्या अंगणात आले. "भैयाजी बकरा देते. रविवारी पंगत. तू दोन घास खा, विषय संपला. आपला जुना नेम आहे, बाहेरचा नाई."

नेम खरंच जुना होता. ज्यानं वाईट केलं त्यानं गावाला जेवू घालायचं, ज्याचं वाईट झालं त्यानं पहिला घास घ्यायचा. घास घेतला की मिटलं.

"येईन," बायनाबाई म्हणाली.

"मावशी, तू जेवायले जाशील?" सरिता चिडली. "मी डॉक्टरचा दाखला आणला, पाय तुटेतोवर फिरली, आन् तू मटणावर मिटवून राह्यली?"

"जेवतो कुठी म्हणलं मी? येईन म्हणलं. तू पण ये."

रविवारी दुपारी मांडवात सारं गाव बसलं. पळसाच्या पत्रावळींवर भात पडला, भातावर रस्सा पडला. बायनाबाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसून राहिली. तिच्याआधी कोणाला जेवता येत नव्हतं.

"घे ना बाई," बापूराव म्हणाले.

"घेतो. पण नेम घासापासूनच सुरू होते का, इतवारीभाऊ?"

इतवारी गावचा म्हातारा पुजारी. कित्येक वर्षांत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यानं घाई केली नाही. "नाई," तो सावकाश म्हणाला. "आधी ज्यानं केलं तो उभा राह्यते. काय केलं ते आपल्या तोंडानं सांगते. मग घास."

"ते जुन्या काळचं झालं," बापूराव म्हणाले.

"जुना आहे म्हणूनच तर तू आणला ना, बापूराव," इतवारी म्हणाला.

भैयाजी उभा राहिला. "जे झालं ते वाईट झालं."

"काय झालं?" बायनाबाईनं विचारलं.

"धक्का लागला."

बायनाबाईनं डाव्या हातानं पत्रावळ वीतभर पुढं सरकवली. रश्श्यावर तुपासारखा थर धरू लागला.

"काठी लागली असन."

"कोणाच्या हातातली?" हे पंगतीच्या टोकावरून रुखमानं विचारलं.

"तू तर नव्हती ना त्या दिवशी?" सुकलू म्हणाला.

"होती. तुया बाजूलेच. तुले चष्म्याबिगर दिसलं नसन."

पंगत हसली. सुकलूला ते झोंबलं. "दिसलं मले. उचलून हाणली यानं. सांगून टाक ना बाबू, भात थंडा होऊन राह्यला."

"हाव, मारली," भैयाजी ओरडला. "मीच मारली काठी. मोडला हात. झालं? जेवा आता."

बायनाबाई उठून उभी राहिली. "इतवारीभाऊ, घास घ्याच लागते का?"

"मन झालं तर. नाई घेतला तर मिटलं नाई."

"मग मिटलं नाई. सरिता, चाल."

"आन् ही पंगत?" बापूरावांनी विचारलं.

"तिनं घेतला नाई, तर कोणीच घेत नाई," म्हणत इतवारी पत्रावळीवरून उठला.

सगळ्या गावानं मटणाकडे पाहिलं. इतकं दुःख गावानं बायनाबाईच्या हाताबद्दलही केलं नव्हतं. मग रुखमा उठली.

"उद्या जुड्या फेकन ना तो," तिच्या नवऱ्यानं तिचा पदर धरला.

"एकीच्या फेकते. साऱ्याइच्या फेकल्या तर पानं तोडायले जाईन कोण?"

नवऱ्यानं पदर सोडला. पंगत उठली. गावातल्या सुनीलनं आपल्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. ज्यांना जागा मिळाली नाही ते मोटरसायकलींवर मागून निघाले.

ठाण्याच्या आवारात ट्रॉली थांबली तेव्हा हवालदार बाहेर आले. "हे काय?"

"साक्षीदार," सरिता म्हणाली. "तुम्हीच आणायले सांगितले."

"इतके कायले? दोन पुरे होतात."

"कोणते दोन ते तुम्ही पाहा," बायनाबाई पायरी चढत म्हणाली. "पण लवकर लिहा साहेब. सारे उपाशी आहेत."