धावपट्टीवरचे खडे

बाबांचं दुकान सोडून थोरला हवाई दलात साधा सैनिक म्हणून भरती झाला, तेव्हापासून बाबांनी अबोला धरला होता. त्याच्या पहिल्या फोनला आईने शेजारीपाजारी गोळा करून स्पीकर लावला.

“काय रे, कितीदा उडवलंस विमान?” शेजारच्या काकूंनी विचारलं.

थोरल्याने घसा साफ केला. “धावपट्टीवरचे खडे वेचतो, काकू. सगळे ओळीने चालतो, खाली बघत.”

शांतता पसरली. स्पीकरवर ती जरा मोठीच ऐकू येते.

“घरी कधी इकडची काडी तिकडे केली नाहीस,” आई म्हणाली.

खुर्ची सरकली. बाबांचा आवाज आला. “एखादा राहिला तर?”

“इंजिन आत ओढतं. विमान पडू शकतं.”

बाबांनी फोन जवळ ओढला.

“मग घाई करू नकोस.”