दातवाला फोटो

आमच्या सासूबाईंचं पडद्यांचं दुकान. त्यांनी शिवावं आणि मी दुकानाची वेबसाइट सांभाळावी, अशी वाटणी. ‘साइट कासवासारखी उघडते’ ही त्यांची कुरकुर ऐकून माझे कान किटले, तेव्हा मी सर्व्हरला बजावलं, की फोटो एकदा गिऱ्हाइकाच्या फोनवर पोचला की फोननं तो जपून ठेवावा, वर्षभर पुन्हा मागू नये. साइट झटक्यात उघडायला लागली. मी कॉलर ताठ करून फिरले.

मग त्यांचं लक्ष पहिल्याच फोटोकडे गेलं. नवऱ्यानं काढलेला, कापडाच्या ढिगात बसून सासूबाई तोंडभर हसतायत.

“सगळे दात दिसतायत! काढ तो.”

मी त्यांचा गंभीर फोटो घेतला आणि जुन्याच्या जागी, जुन्याच नावानं चढवला. माझ्या कॉम्प्युटरवर छान दिसला. विषय संपला.

कसला संपतोय! दुसऱ्या दिवशी त्या फोन नाचवत आल्या. “बदलला म्हणालीस ना? ही बघ बत्तीशी!”

“आई, खरंच बदललाय. माझ्याकडे बघा.”

“तुझ्याकडे बदललास, मला दाखवायला! खोटं कशाला बोलतेस?”

आळशी म्हणा, वेंधळी म्हणा, पण खोटारडी? माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या तडक मशीनवर जाऊन बसल्या. नवऱ्याचे तर आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो चहाचा कप घेऊन गॅलरीत सटकला. एरवी दुपारी ‘जेवलीस का गं?’ अशी हाक यायची. आज नुसती मशीनची खडखड. मी ताट बाजूला सारलं.

शेवटी त्यांचा फोन मागून घेतला. खरंच की, जुनाच फोटो! आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. वर्षभर मागू नकोस, हे मीच तर सांगितलं होतं. फोन बिचारा आज्ञाधारक. माझ्या कॉम्प्युटरवर हे जपून ठेवणं मी कामापुरतं बंद केलं होतं, म्हणून मला एकटीला नवा दिसत होता. मी नव्या फोटोला नवं नाव दिलं, साइटच्या पानावर तेच लिहिलं. अनोळखी नाव दिसल्यावर फोनला तो मागावाच लागला.

“आई, चूक माझीच होती. पण खोटं नव्हते बोलले.”

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. ओठ आवळलेली, ताठ मानेची बाई.

“ही कोण गं? हिच्याकडून मी पायपुसणंसुद्धा शिवून घेणार नाही.”

“तुम्हीच.”

“मग त्या जुन्या फोटोत एवढी हसत कशाला होते?”

“मी शिवलेल्या पहिल्या पडद्याला. एक टोक खिडकीशी, एक जमिनीवर.”

त्या फुटल्याच. हसून हसून पदरानं डोळे पुसले आणि माझा हात धरला.

“खोटारडी म्हणाले ते मनावर घेऊ नकोस. ती दातवालीच लाव परत. आणि ते सांगतेस ना सर्व्हरला, वर्षभर जपायचं?”

“हो.”

“वर्षच का? जास्तीचं नाही सांगता येत?”