अतिकच्या नावावर

योगराजला आपल्या नियमांचा भारी अभिमान. केळी पिकवून बाजारात धाडणाऱ्या ललितशेठच्या कंपनीत तो जळगावच्या ऑफिसात बसून सगळ्या शाखांचं नेटवर्क सांभाळायचा. पूर्वी तिथे सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड होता, आणि तो चहावाल्यालाही पाठ होता म्हणा ना! योगराजनं तो कारभार मोडला. प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं. राउटरमध्ये कोण शिरलं, काय करून गेलं, याची आपोआप नोंद होईल अशी सोय केली. वर नियम लिहिला: जो आपला पासवर्ड दुसऱ्याला देईल, त्याला त्याच दिवशी घरी पाठवायचं. "माणूस खोटं बोलेल शेठ, नोंद बोलणार नाही," असं छाती फुगवून सांगितलंही.

आणि तो नियम मोडायला लावला कोणी? यानंच. तेही भरितापायी!

शनिवारी मेहरूण तलावाकडे मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती. वांगी भाजायला पडली होती, याला फोनवर फोन येत होते, आणि नेमकं धुळ्याच्या राउटरवरची एक जुनी जोडणी बंद करायचं काम राहिलेलं. धुळ्याच्या यंत्रांना हात लावायचा अधिकार तिथलं नेटवर्क बघणाऱ्या अतिकचा. जळगावहून करायचं तर शेठची लेखी परवानगी हवी. हाही याचाच नियम. शेठ फोन उचलेनात, म्हणून यानं अतिकला लावला. अतिक रजा काढून लेकीच्या, अर्शीच्या, शाळेतल्या कार्यक्रमाला बसला होता.

"अतिक, तुझा पासवर्ड सांग रे. पाच मिनिटांचं काम आहे."

पलीकडे अतिक जरा घुटमळला. मग सांगून टाकला. ज्यानं बोट धरून काम शिकवलं, त्या भाऊला नाही कसं म्हणायचं?

घाईघाईत योगराजनं भलतीच जोडणी बंद केली आणि मळ्यात जाऊन भरीत-पुरीवर आडवा हात मारला. त्याच संध्याकाळी धुळ्याला केळी पिकवायच्या खोल्यांतलं कूलिंग बंद पडलं. एरवी असं झालं की अतिकच्या फोनवर इशारा यायचा. तो इशारा ज्या जोडणीवरून यायचा, तीच यानं बंद केलेली. सकाळी तिथल्या राखणदार पुनाचा योगराजला फोन आला, "भाऊ, बठ्ठा माल काया पडी गया!" सगळी केळी काळी पडली होती.

सोमवारी शेठनं नोंद मागवली. नोंदीत नाव अतिकचं.

"हाच ना तुमचा पठ्ठ्या?" शेठ कडाडले. "बुधवारी बोलवा त्याला. घालवूनच देतो."

"बोलावतो," म्हणून योगराज केबिनबाहेर पडला. घरी त्याला अन्न गोड लागेना. बायकोनं, ज्योत्स्नानं, डब्यात वांग्याची भाजी दिली, ती तशीच परत आली. "वांग्यानं काय घोडं मारलंय तुमचं?" तिनं विचारलं. हा तिच्यावरच खेकसला. फोन वाजला तरी दचकायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय उगाच?

बुधवारी अतिक एसटीनं आला आणि ऑफिसच्या जिन्यातच भेटला. योगराजला त्याच्याकडे बघवेना.

"अतिक, मी सांगतो शेठला. मीच केलं ते."

"नका सांगू, भाऊ." अतिक हळूच म्हणाला. "पासवर्ड दिला म्हणून मी तर जाणारच. तुमचाच नियम आहे. मग तुम्ही कशाला सोबत बुडता? माझ्या तोंडून तुमचं नाव निघायचं नाही."

ते ऐकलं आणि योगराजला चक्क हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच त्याला किळस आली. अरे, माणूस आहेस की कोण? तो तसाच शेठच्या केबिनमध्ये घुसला आणि सगळं सांगून मोकळा झाला, भरितासकट.

शेठनं शांतपणे ऐकून घेतलं. "पासवर्ड त्यानं दिला ना? मग तो गेला. नियम तुम्हीच लिहिलाय."

"आणि मी?"

"तुम्ही कुठे जाता? सगळ्या शाखांच्या चाव्या तुमच्याकडे. तुम्ही गेलात तर उद्या माझं दुकान बंद. पुन्हा असं करू नका म्हणजे झालं. आणि त्याचं लॉगिन आत्ताच्या आत्ता काढा."

देणाऱ्याचं काय करायचं, ते योगराजनं नियमात ठसठशीत लिहिलं होतं. मागणाऱ्याचं काय, हे लिहायला तो विसरला होता. मग माझाही राजीनामा घ्या, असं म्हणायला हवं होतं. ते ओठांपर्यंत आलं, पण घराचा विचार आला आणि त्यानं ते गिळलं.

जागेवर येऊन त्यानं स्वतःच्या नावानं लॉगिन केलं आणि अतिकचं नाव काढून टाकलं. लगेच नोंद पडली: करणारा, योगराज. या खेपेला ती खरी होती.

मान वर केली तर समोर अतिक उभा. त्यानं पडद्याकडे पाहिलं, सगळं समजला, आणि तरी वाकून कानाशी विचारलं, "तुमची नोकरी तर वाचली ना, भाऊ?"

योगराजनं 'हो' म्हणून मान डोलावली.