गच्च झाकणाची वाईन

भांडुपला एकट्या राहणाऱ्या जयवंतरावांनी बायकोने लावलेल्या जुन्या वेलाच्या काळ्या द्राक्षांची वाईन घातली आणि सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना रविवारी चाखायला बोलावलं. सगळ्यांनी अंगठा दाखवला. रविवारी कुणी फिरकलं नाही.

वाईन आंबताना बरणीत वायू कोंडतो, म्हणून झाकण सैल ठेवायचं असतं. जयवंतरावांनी लोणच्याच्या सवयीने ते गच्च आवळलं होतं. संध्याकाळी बरणी फुटली. छत लाल, बनियन लाल. अख्खी बिल्डिंग धावत आली.

“काका, सिलिंडर फुटला?” वरच्या मजल्यावरच्या निधीने विचारलं.

“नाही गं, वाईन. आलीच आहेस तर बस.”

लोकांनी फरशी पुसली, चहा केला, बराच वेळ गप्पा मारल्या.

पुढच्या वर्षी जयवंतरावांनी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. झाकण दोन्ही हातांनी आवळलं आणि कपबशा धुऊन ठेवल्या.